न दिसणारी जात आणि एड्रियन पायपरची कला

अमेरिकेतील निग्रो साहित्याशी दलित साहित्याचे नाते सांगण्याची आपल्याकडे आता जुनी वहिवाट झाली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. डॉ. जनार्दन वाघमारे यांनी निग्रो साहित्य मराठी वाचकांपर्यंत आणले आणि आमच्या पिढीने ते अधाशासारखे वाचले. ते वाचन आम्हाला बळ देऊन गेले याबद्दल वाद नाही. परंतु या तुलनेत एक गोष्ट आपण सतत नजरेआड केली असे मला आता वाटते. निग्रोची कातडी त्याला लपू देत नाही. आमची जात कातडीवर नसते. ती आडनावात असते, गावातल्या वस्तीच्या दिशेत असते, घरातल्या तसबिरीत असते, शाळेच्या दाखल्यावर असते. आणि ती दिसत नाही म्हणूनच समोरचा माणूस ती हुडकत राहतो. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेतला रेल्वेतला तरुण मार खातो तो जात उघड झाल्यावर. तोवर तो त्यांच्यातलाच एक असतो.

हा अनुभव निग्रो साहित्यात आपल्या ओळखीच्या लेखकांकडे फारसा सापडत नाही. तो मला सापडला एका चित्रकर्तीकडे. तिला चित्रकर्ती म्हणणेही तसे बरोबर नाही, कारण तिने रंग-कुंचला फार लवकर बाजूला ठेवला. एड्रियन पायपर हे तिचे नाव. तिची एकही कृती मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही. छायाचित्रे, चित्रफिती आणि तिचे स्वतःचे लेख एवढ्याच सामग्रीवर मी हे लिहितो आहे. तिच्या कलेच्या बाबतीत हे चालण्यासारखे आहे. संकल्पनात्मक कला, म्हणजे जिच्यात वस्तूपेक्षा वस्तूमागची कल्पना हीच कलाकृती मानली जाते ती कला, निदान एवढी सवलत आमच्यासारख्या लांबच्या वाचकाला देते.

पायपरचा जन्म १९४८ सालचा, न्यूयॉर्कचा. आईवडील काळ्या समाजातले, पण रंगाने उजळ; मुलगी इतकी उजळ की अनोळखी माणूस तिला गोरीच समजे. आजूबाजूची काळी मुले तिला रंगावरून चिडवीत आणि गोऱ्यांना तिची ओळख कळली की त्यांचा चेहरा बदले. १९६९ मध्ये तिने कलाशाळेचे शिक्षण संपवले, पुढे तत्त्वज्ञानाकडे वळली आणि १९८१ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली. मार्गदर्शक जॉन रॉल्स. कांट हा तिच्या अभ्यासाचा विषय. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘अनुभव’ आणि ‘विचार’ यांची फारकत करून शोषितांच्या वाट्याला फक्त अनुभव ठेवण्याची प्रस्थापित समीक्षेची खोड आपल्याला ठाऊक आहे. दलित लेखकाने वेदना लिहावी, तिचे तत्त्वज्ञान दुसरे कोणी सांगेल! पायपरने ही वाटणी मानली नाही.

सुरुवातीची तिची कृती आकडे, नकाशे, काळ आणि अवकाश यांविषयीची, कोरडी आणि निर्गुण म्हणावी अशी होती. मग १९७० साल आले. अमेरिकेने कंबोडियात सैन्य घातले, केंट विद्यापीठात निदर्शने करणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, काळ्यांची आणि स्त्रियांची चळवळ रस्त्यावर होती. तिने न्यूयॉर्कमधल्या एका प्रदर्शनातून आपली कृती काढून घेतली आणि तिच्या जागी निषेधाचे निवेदन लावले. त्यानंतर ती स्वतःच रस्त्यावर आली.

‘कॅटॅलिसिस’ नावाची ही मालिका आहे, १९७०-७१ ची. एका प्रयोगात तिने आपले कपडे आठवडाभर व्हिनेगर, अंडी, दूध आणि माशाचे तेल यांत भिजवून ठेवले आणि ते अंगावर घालून ऐन गर्दीच्या वेळी ती भुयारी रेल्वेत चढली. दुसऱ्या प्रयोगात तोंडात मोठा टॉवेल कोंबून, त्याचे उरलेले टोक बाहेर लोंबते ठेवून ती बसमध्ये बसली. तिसऱ्यात ओल्या चिकट पांढऱ्या रंगाने माखलेला शर्ट घालून, ‘रंग ओला आहे’ अशी पाटी गळ्यात अडकवून ती मोठ्या दुकानात हातमोजे घ्यायला गेली. कोठेही हे नाटक आहे अशी सूचना नाही, तिकीट नाही, प्रेक्षक जमवलेले नाहीत. माणसे सरकतात, नाक मुरडतात, नजर वळवतात आणि पायपर ते पाहते. येथे प्रदर्शनाला मांडलेली वस्तू ती नसून सरकणारी माणसे आहेत.

मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मनात आलेला विचार प्रांजळपणे सांगतो. मला राग आला होता. आमच्या आज्यांना असे कपडे भिजवून ठेवावे लागले नाहीत. मेलेले ढोर ओढून आणणाऱ्या, गावाचा शेणकूर काढणाऱ्या बाईजवळून माणसे सरकत ती कला म्हणून नव्हे, आणि ती घरी येऊन आंघोळ करून त्यातून मोकळीही होत नसे. अंघोळीने वास जातो, विटाळ जात नाही. हा आक्षेप मी अजूनही मागे घेतलेला नाही. परंतु पुढे एक गोष्ट लक्षात आली. विटाळ हा विटाळलेल्याच्या अंगात नसतो, सरकणाऱ्याच्या मनात असतो, हे आपण सभांतून हजारदा सांगितले आहे. पायपरने ते करून दाखवले. वास काल नव्हता, उद्या नसेल, माणूस तोच. मग तुम्ही नेमके कशापासून सरकलात? आपल्या साहित्याने आपल्या जखमा उघड्या केल्या, सवर्ण वाचकाने त्या पाहिल्या, हळहळला, आणि पुस्तक मिटून जेवायला बसला. त्याच्याकडे कोणी पाहिले नाही.

१९७३ ते ७५ या काळातील ‘मिथिक बीइंग’ ही मालिका आपल्या चळवळीतील पुरुषांनी जरूर अभ्यासावी. पायपरने मोठ्या कुरळ्या केसांचा टोप चढवला, मिशा लावल्या, काळा चष्मा, तोंडात सिगार, आणि काळ्या तरुण पुरुषाच्या वेषात ती रस्त्यावरून हिंडू लागली. स्वतःच्या जुन्या डायरीतले एखादे वाक्य मंत्रासारखे पुटपुटत ती चाले. ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकात या पुरुषाची छायाचित्रे त्याच्या तोंडच्या वाक्यांसह ती जाहिरात म्हणून छापी. रंगाने उजळ बाई म्हणून ज्या रस्त्यावरून ती सहज जाई, त्याच रस्त्यावर आता माणसे अंग चोरू लागली. एका भागात हा ‘पुरुष’ रस्त्याच्या कडेला बसून येणाऱ्याजाणाऱ्या गोऱ्या बायकांना न्याहाळतो.

या छायाचित्रांतला तो चष्मेवाला, झिपऱ्या केसांचा तरुण मला फार ओळखीचा वाटला. आमच्या १९७२ नंतरच्या कवितेतला विद्रोही नायक असाच दिसतो. व्यवस्थेला शिव्या घालणारा, रात्री-अपरात्री शहर तुडवणारा, कोणाला न भिणारा. त्या कवितेचे ऋण मी नाकारत नाही. परंतु पायपर जेव्हा हा सगळा विद्रोह मिशीसकट अंगावर चढवते आणि मग उतरवून ठेवते, तेव्हा प्रश्न पडतो की त्या विद्रोहात मिशीचा वाटा किती होता? रात्री एकट्याने रस्ता तुडवण्याचे स्वातंत्र्य त्या नायकाच्या बहिणीला होते काय? बेबी कांबळे आणि शांताबाई कांबळे यांची आत्मकथने १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आली, ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास मांडला, तेव्हा कोठे घराच्या आतला मार चर्चेत आला. तोवर आम्ही आमचा विद्रोह संपूर्ण मानून बसलो होतो. मीही त्यात होतो.

आता तिच्या कार्डाविषयी. माझ्या दृष्टीने ही तिची सर्वांत महत्त्वाची कृती, आणि आकाराने सर्वांत लहान. १९८६ पासून काही वर्षे ती पाहुण्यांच्या बैठकीत, जेवणावळीत व्हिजिटिंग कार्डाएवढे एक कार्ड जवळ बाळगी. तिला गोरी समजून कोणी काळ्यांविषयी वावगे बोलले की ती निमूटपणे ते कार्ड त्याच्या हाती देई. त्यातला आशय असा: मित्रा, मी काळी आहे. तू ते उद्गार काढलेस, किंवा त्यावर हसलास, किंवा मान डोलावलीस, तेव्हा तुला हे ठाऊक नव्हते. पूर्वी मी आधीच सांगून ठेवीत असे, तर लोक मला आगाऊ आणि कावेबाज समजत. म्हणून आता मी असे धरून चालते की काळे कोणी हजर नसतानाही गोरे असे बोलत नाहीत; आणि बोललेच तर हे कार्ड देते. माझ्या असण्याने तुझी अडचण झाली याचे मला वाईट वाटते, जसे तुझ्या वर्णद्वेषाने माझी अडचण झाली याचे तुलाही वाटत असणार.

शेवटच्या वाक्यातली सभ्यता पाहावी. शिवी नाही, हुंदका नाही.

मी अध्यापक म्हणून रुजू झालो त्या पहिल्याच महिन्यातली गोष्ट आहे. माझे आडनाव गावावरून पडलेले, त्यातून काही कळत नसे. स्टाफरूममध्ये चहा चालला होता. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी नव्या भरतीचा विषय काढला, ‘सरकारचे जावई’ हा नेहमीचा शब्द वापरला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “काय हो, खरं की नाही?” मी हसलो. कपात पाहिले आणि हसलो. पुढे त्यांना माझी जात कळली, ते माझ्याशी अधिकच सौजन्याने वागू लागले, तो भाग वेगळा. पायपरच्या कार्डात बोलणाऱ्याबरोबर हसणाऱ्याचाही उल्लेख आहे. त्या दिवशी त्या खोलीत कोणी ती कार्डे वाटली असती तर त्यातले एक माझ्याही हातात पडले असते.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात मी या कार्डाचा मराठी मजकूर वाचून दाखवला. मुले आधी खूश झाली. मग मागच्या बाकावरचा एक जण उठला. तो शहरात खोली घेऊन शिकतो आणि घरमालकाला त्याने जात सांगितलेली नाही. “सर, कार्ड दिलं समजा. मग रात्री झोपायचं कुठं?” याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पायपर ज्या बैठकीत कार्ड देते तेथून उठून ती आपल्या घरी जाऊ शकते. कार्ड देण्यासाठी आधी पाय ठेवायला आपली जागा लागते. तिच्या कृतीची मर्यादा या मुलाने दोन वाक्यांत सांगितली, आणि माझ्या वाचनात आलेल्या पाश्चात्य समीक्षकांपैकी कोणी ती सांगितलेली मला आढळली नाही.

पायपरचे दुसरेही एक कार्ड आहे. बारमध्ये एकटी बसलेली बाई पाहून लगट करायला येणाऱ्यांसाठी: मी येथे एकटी आहे कारण मला एकटीला बसायचे आहे. याचा मजकूर वाचल्यावर एक मुलगी म्हणाली, “सर, हे कार्ड मला द्या. पण ते मला आपल्याच मोर्च्यात वाटावं लागेल.” मुले हसली. ती हसली नाही.

‘कॉर्नर्ड’ ही १९८८ मधील मांडणी. खोलीच्या कोपऱ्यात एक टेबल आडवे पाडून आडोशासारखे लावलेले, त्यामागे दूरचित्रवाणी संच, समोर खुर्च्या. पडद्यावर पायपर: निळा पोशाख, गळ्यात मोती, बातम्या देणाऱ्या निवेदिकेसारखी शांत. आपण काळ्या आहोत असे ती सांगते आणि हे सांगणे तुम्हाला का खुपते याचा एकेक पदर तर्काने सोडवत जाते. सांगितले नाही तर तुमच्यात गोरी म्हणून वावरावे लागते, सांगितले तर तुम्ही म्हणता उगाच बाऊ करते. मग ती डाव उलटवते. अमेरिकेत काळ्या रक्ताचा एक थेंब असला की माणूस काळा, अशी रूढी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सरमिसळीत स्वतःला गोरे म्हणवणाऱ्या अनेकांच्या वंशावळीत तो थेंब असणार. म्हणजे तुम्हीही काळे असण्याची शक्यता आहे. आता तुम्ही काय करणार? घरी सांगणार? कचेरीत सांगणार? की गप्प राहून फायदे घेत राहणार?

या मांडणीत भिंतीवर दोन कागद चौकटीत लावलेले आहेत. दोन्ही तिच्या वडिलांचे जन्मदाखले. एकात ते गोरे, दुसऱ्यात ‘ऑक्टोरून’, म्हणजे एक अष्टमांश काळे. माणूस एक, सरकारी सत्ये दोन. मला हे सबंध कलाकृतीतले सर्वांत बोलके अंग वाटते. आमच्या घरात जातीचा दाखला आणि जातपडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत, पत्र्याच्या पेटीत, कपड्यांच्या तळाशी ठेवलेले असते. सरकार म्हणते सिद्ध करा. त्यासाठी आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा शोधत तहसीलचे उंबरे झिजवायचे. आणि खोली भाड्याने घेताना, डब्याचे जेवण लावताना, तोच कागद कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून जपायचे. पायपरने तो कागद चौकट करून भिंतीवर टांगला. आपल्याकडे सावी सावरकरांनी अस्पृश्याच्या देहाची, देवदासीची चित्रे रंगवली. त्या चित्रांचा दाह मोठा आहे. पण दाखल्याचे चित्र अजून कोणी केलेले माझ्या पाहण्यात नाही.

बाकीच्या काही कृतींविषयी थोडक्यात. १९८१ मध्ये तिने पेन्सिलीने स्वतःचे चित्र काढले, त्यात नाक, ओठ, केस यांतली निग्रो वैशिष्ट्ये मुद्दाम वाढवून. १९८२ ते ८४ या काळात तिने मुख्यतः गोऱ्या जमावाला काळ्यांच्या फंक संगीतावर नाचायला शिकवले. हा प्रयोग मला भाबडा वाटतो. आपल्याकडे ढोलकीच्या तालावर माना डोलावणारे पुष्कळ आहेत, त्याने ढोलकी वाजवणाऱ्याच्या हातचे पाणी पिण्याचा प्रश्न सुटला नाही. मात्र २००७ मधील एक कृती मनात घर करून राहते. तिच्यात भाग घेणाऱ्यांच्या कपाळावर मेंदीने एक वाक्य उलट्या अक्षरांत लिहिले होते, सारे काही काढून घेतले जाणार आहे अशा अर्थाचे. अक्षरे उलटी, त्यामुळे आरशात पाहिल्यावर ती ज्याच्या कपाळावर आहेत त्यालाच सरळ वाचता येत. सटवाईने कपाळावर लिहिलेले कोणाला वाचता येत नाही असे आमच्या आया सांगत. जातीचे लिहिलेले तेवढे गावातल्या प्रत्येकाला वाचता येई.

आता माझ्या मतभेदाचा मुद्दा. २०१२ मध्ये, चौसष्टाव्या वाढदिवसाला, पायपरने आपण काळे असण्यातून निवृत्त होत असल्याचे जाहीर केले. आपल्या वंशातला आफ्रिकी अंश एक षोडशांश, म्हणून यापुढे आपण ६.२५ टक्के करड्या, असा हिशेबही दिला. पुढच्या वर्षी काळ्या कलावंतांच्या एका प्रदर्शनातून तिने आपली कृती परत मागितली आणि अशा वेगळ्या प्रदर्शनांऐवजी सर्व वंशांच्या कलावंतांना शेजारी मांडा असे सुचवले. यात तिरकस विनोद आहे हे कळते. टक्केवारीचा हिशेब हा रक्ताचे अपूर्णांक मोजणाऱ्या कायद्यांचीच टर आहे. तिच्या मागे काय लागले होते तेही लक्षात घ्यावे. तत्त्वज्ञानाच्या अध्यापनात कायम पद मिळवलेल्या पहिल्या काळ्या स्त्रियांपैकी ती. २००५ मध्ये ती बर्लिनला निघून गेली. आपले नाव अमेरिकी सरकारच्या संशयित प्रवाशांच्या यादीत असल्याचे कळल्यावर तिने परत जायचे नाकारले, आणि २००८ मध्ये तिच्या महाविद्यालयाने तिचे पद काढून घेतले. जिथे जावे तिथे ‘काळी कलावंत’ एवढीच पाटी. लेखकाला आधी ‘दलित’ आणि मग सवड मिळाल्यास ‘लेखक’ म्हणणारे आपल्याकडेही आहेत. तो वैताग मी जाणतो.

तरीही माझे मन हे निवृत्तिपत्र मान्य करत नाही. ओळख टाकून देण्याचा विचार आपल्याला नवा नाही. बाबासाहेबांनी येवल्याला १९३५ मध्ये ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ हे जाहीर केले आणि १९५६ मध्ये नागपूरला ते खरे केले. मध्ये एकवीस वर्षे गेली, कारण त्यांना एकट्याला बाहेर पडायचे नव्हते. लाखो माणसे बरोबर बाहेर पडली. आणि बाहेर पडल्याची किंमत त्यांनी मोजली: बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती १९९० पर्यंत नाकारल्या गेल्या. पायपरचे निवृत्त होणे हे एका व्यक्तीचे, तिच्या उजळ रंगामुळे तिला एकटीला शक्य असलेले. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर पोलिसांनी अडवलेल्या पोराला असा राजीनामा देता येत नाही. ज्या स्त्रीने आयुष्यभर पाहणाऱ्याच्या नजरेलाच आरोपी केले तिने शेवटी स्वतःच्या रक्ताचा हिशेब मांडावा, याचे मला दुःख झाले. एक तरुण मित्र माझ्याशी यावर भांडला. तो म्हणाला, सर, ती रक्त मोजत नाही, मोजणाऱ्यांना वेडावते आहे. असेलही.

२०१५ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात तिला सर्वोत्कृष्ट कलावंताचा सुवर्णसिंह मिळाला. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने आपला सबंध सहावा मजला तिच्या पन्नास वर्षांच्या कामाला दिला. ती ते पाहायला गेली नाही.

१९९२ मध्ये पायपरने एक दीर्घ लेख लिहिला. गोरे म्हणून वावरण्यासाठी घरादाराशी संबंध तोडून निघून गेलेले नातलग, मागे राहिलेल्यांनी त्यांचे नावही न काढणे, हार्वर्डमधल्या पहिल्याच मेजवानीत एका नामवंत प्राध्यापकाने तिच्या काळेपणाविषयी मारलेला टोमणा, हे सगळे त्यात आहे. तो मराठीत यावा म्हणून मी भाषांतराला हात घातला आहे. सुरुवातीलाच अडलो आहे, कारण ‘पासिंग’ला शब्द मिळत नाही. बागुलांनी ‘जात चोरणे’ म्हटले. तो शब्द जिवंत आहे, पण त्यात लपणारा चोर ठरतो, आणि पायपर त्याला चोर मानत नाही. ‘खपून जाणे’ म्हणावे तर त्यात बाजारातल्या नकली मालाचा वास येतो. आमच्या गावात शहरी गेलेल्या आणि न परतलेल्या माणसाविषयी बाया म्हणत, ‘तो तिकडचा झाला’. सध्या मी तेच वापरून पाहतो आहे. कोणाला अधिक चांगला शब्द सुचला तर कळवावा.